जेडचा दात, कुडाचं घर

समजा, एका बंद घराचं कुलूप काढून तुम्ही आत शिरलात. घरात माणूस नाही, कागदपत्रं नाहीत, भिंतीवर फोटो नाहीत. इथलं कुटुंब सुखवस्तू होतं की महिनाअखेरीस ओढाताण होणारं, एवढंच ओळखायचं आहे. तुम्ही खोल्या मोजाल, फरशी बघाल, मांडणीवरच्या भांड्यांकडे वळाल. ट्रंकेत एक पैठणी सापडते. ती श्रीमंतीची खूण म्हणायची की घरातली एकुलती एक भारी वस्तू? पितळी तांब्यावर नाव कोरलंय, पण ते घरमालकाचं की लग्नात आहेर करणाऱ्या मामाचं?

माया संस्कृतीवर काम करणारे पुरातत्त्वज्ञ गेली सत्तर वर्षं याच कामात गुंतले आहेत. माया लोकांच्या घरांवर छप्पर उरलेलं नाही, कापडचोपड केव्हाच कुजून गेलंय आणि वर बाराशे वर्षांचं जंगल माजलंय. तरीही ते सांगतात, की इथे राजा राहत होता, तिथे त्याचा लेखक, पलीकडे बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेला शेतकरी. हे ते कशावरून सांगतात? आणि त्यातलं किती खरं मानायचं?

पुरोहित आणि शेतकरी, मध्ये कुणीच नाही

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर सोपं होतं. एरिक थॉम्प्सन या दबदबा असलेल्या इंग्रज अभ्यासकाच्या मते माया समाजात दोनच थर होते. वर मूठभर पुरोहित, तारे न्याहाळणारे आणि दिनमान मोजणारे. खाली रानात विखुरलेले शेतकरी, सणावाराला देवळापाशी जमणारे आणि एरवी मका पिकवणारे. मोठमोठी पिरॅमिडं असलेली ठाणी एरवी ओसच असायची, असंही मानलं जाई.

हे चित्र इतकं सुबक होण्याचं कारण साधं होतं. तोवर खणली गेली होती ती मुख्यतः देवळं आणि राजवाडे. जिथे घरं होती तिथे कुणी फावडं लावलंच नव्हतं.

ते लावलं गॉर्डन विली यांनी. १९५४ साली त्यांनी बेलीझमध्ये नदीकाठच्या बार्टन रामी या ठिकाणी देवळांकडे पाठ फिरवली आणि शेतात दिसणारे लहानसहान उंचवटे मोजायला घेतले. हे उंचवटे म्हणजे घरांची जोती होती, आणि ती शेकड्यांनी होती. पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चमूने ग्वातेमालातल्या तिकालचा तपशीलवार नकाशा केला, तेव्हा ‘ओस’ ठाण्याभोवती दाट वस्तीचं शहरच उमटलं.

दुसरा धक्का लिपीने दिला. तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी १९६० साली दाखवून दिलं, की पिएद्रास नेग्रास इथल्या शिलास्तंभांवरच्या तारखांचे गट एकेका माणसाच्या आयुष्यात बसतात: जन्म, राज्यारोहण, मृत्यू. शिळांवरची माणसं देव किंवा ज्योतिषी नव्हती. ते राजे-राण्या होते. पुढे लेख वाचता येऊ लागले तशी पदं सापडत गेली. ‘कुहुल आहाव’ म्हणजे पवित्र राजा. ‘सहाल’ हा राजाच्या हाताखालचा, एखादं ठाणं सांभाळणारा सरदार. ‘लाकाम’ हा निशाण वागवणारा मानकरी, जो दूत म्हणूनही जाई. दोन थरांच्या मध्ये बरीच गर्दी निघाली.

या सगळ्याला एक जुना साक्षीदारही आहे. दिएगो दे लांदा हा स्पॅनिश धर्मगुरू. याच माणसाने १५६२ साली मानी गावात माया पोथ्या जाळल्या, आणि पुढे चार वर्षांनी युकातानच्या माया लोकांची सर्वांत तपशीलवार माहितीही त्यानेच लिहून ठेवली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गावाच्या मधोमध देऊळ आणि चौक, त्याभोवती राजे आणि पुरोहित, मग प्रतिष्ठित मंडळी, आणि सगळ्यात कडेला खालचे लोक. वाचायला छानच आहे, पण लांदा लिहीत होता तेव्हा तिकाल-कोपानसारखी शहरं ओस पडून सहाशे वर्षं उलटली होती. जुन्या शहरांना त्याचा नकाशा लागू पडतो का, ते तपासूनच पाहावं लागतं.

चौकट: माया कोण, कधी, कुठे?
*आजचा दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिम भाग. या लेखातला बराचसा काळ इ. स. २५० ते ९०० हा, ज्याला अभिजात काळ म्हणतात. एक साम्राज्य असं नव्हतंच; एकमेकांशी लढणारी आणि सोयरिकी जुळवणारी डझनावारी नगरराज्यं होती. ओझं वाहणारी जनावरं नव्हती, धातूची हत्यारं नव्हती, चाकाची गाडी नव्हती. मुख्य अन्न मका. नवव्या शतकात दक्षिणेकडची शहरं एकेक करत उजाड झाली, पण माणसं संपली नाहीत. माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही याच मुलखात राहतात.*

जोत्याची उंची काय सांगते

घरापासून सुरुवात करू. साधं माया घर म्हणजे मातीचं किंवा दगडगोट्यांचं बुटकं जोतं, वर कुडाच्या भिंती आणि शाकारलेलं छप्पर. दोन-चार घरं एका अंगणाभोवती, म्हणजे एक कुटुंब. श्रीमंत घराचंही मूळ हेच. फक्त जोतं उंच, भिंती घडीव दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा आणि कधी दगडी छत.

यातून दर्जा कसा काढायचा? इथे बैल नव्हता आणि गाडी नव्हती हे लक्षात घ्यायचं. प्रत्येक धोंडा माणसाच्या पाठीवरून आला. दगड दगडानेच घडवला गेला. चुना भाजायला लाकडाचे ढीग जाळले गेले, आणि ते लाकूडही कुणीतरी तोडून, वाहून आणलं. म्हणजे इमारतीचं आकारमान मोजलं, की तिच्यात किती माणसांचे किती दिवस गेले याचा अंदाज बांधता येतो. एलियट अब्राम्स यांनी होंडुरासमधल्या कोपानच्या इमारतींसाठी हा हिशेब मांडला. कुडाचं घर घरच्याच माणसांनी भाऊबंदांना हाताशी धरून उभारता येतं. राजवाड्याला मात्र हजारो माणूस-दिवस लागतात, आणि ते दिवस दुसऱ्यांचे असतात. तेव्हा जोत्याची उंची हे खरं तर पैशाचं माप नाही. किती लोक आपल्या शब्दावर राबतात, याचं ते माप आहे.

कोपानच्या खोऱ्यातल्या वस्त्यांची विली आणि रिचर्ड लेव्हेंथाल यांनी चार प्रतींत वाटणी केली. पहिल्या प्रतीत तीन-चार बुटकी जोती, सव्वा मीटरच्या आतली. चौथ्या प्रतीत अनेक अंगणांचे वाडे, दहा मीटरपर्यंत उंच. चौथ्या प्रतीतला एक वाडा लास सेपुल्तुरास या भागात खणला गेला. मुख्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लेखकाची मूर्ती, हातात कुंचला आणि शिंपल्याची दौत. आत दगडी बैठक, तिच्यावर कोरीव लेख, काळ इ. स. ७८१. लेखात राजाचं नाव आहे, पण घर राजाचं नव्हे; त्याच्या दरबारातल्या एका लेखक-सरदाराचं. राजवाड्याबाहेर दगडात कोरलेला लेख असणं ही केवढी ऐट!

आता यातल्या अडचणी. पहिली, माया लोक आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत आणि त्यावर नवी जमीन, नवं जोतं चढवत. दोनशे वर्षं एकाच जागी राहिलेल्या कुटुंबाचं जोतं आपोआप उंच होतं. उंची कधी कधी श्रीमंतीपेक्षा वय सांगते. दुसरी अडचण त्या लेखकाच्या वाड्यातच आहे. दहा-बारा अंगणांच्या त्या पसाऱ्यात सगळी घरं नक्षीदार नाहीत. कित्येक अगदी साधी आहेत. ती नोकरचाकरांची की त्याच घराण्यातल्या गरीब भाऊबंदांची? एका उंबऱ्याच्या आत दोन वर्ग होते की एका वर्गातले दोन नशीबवान-कमनशिबी भाऊ, हे दगड सांगत नाहीत.

घराची जागा आणि आकार पाहून दर्जा ताडण्याची ही रीत आपल्याकडेही वापरली गेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मधोमध पाच खोल्यांचं घर निघालं आणि जवळ धान्याचं कोठार. कारागिरांची घरं पश्चिमेच्या कडेला. ते घर गावच्या प्रमुखाचं असावं, हा निष्कर्ष त्यावरूनच निघाला. शंका-कुशंकाही त्याच, ज्या कोपानला येतात.

राखेखालचं गाव

घरांवरून गरिबी मोजताना किती फसायला होतं, हे ज्या जागेने दाखवलं ती एल साल्वादोरमध्ये आहे. १९७६ साली धान्याची कोठारं बांधण्यासाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला एक मातीची भिंत लागली. दोन वर्षांनी पेसन शीट्स यांनी ती पाहिली आणि हळूहळू एक अख्खं खेडं बाहेर आलं: होया दे सेरेन. सातव्या शतकात शेजारचा लोमा काल्देरा हा ज्वालामुखी फुटला आणि काही मीटर जाडीच्या राखेखाली गाव जसंच्या तसं गाडलं गेलं. माणसं पळाली असावीत. घरांत सापळे मिळाले नाहीत. मिळालं ते बाकी सगळं. १९९३ पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे.

सेरेन हे शेतकऱ्यांचं खेडं. पिरॅमिड नाही, राजा नाही. एका कुटुंबाची झोपायची खोली वेगळी, कोठार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. शेतात सरींवर उभा मका, आणि पलीकडे कसावाची वाफ्यांत केलेली लागवड. हाच तो कंद, ज्यापासून आपला साबुदाणा होतो. स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा. एकेका घरात मडकी-गाडगी सत्तरच्या घरात, आणि त्यांत रंगीत चित्रांची, कोपानकडून आलेली भांडीसुद्धा. ज्वालाकाचेची पाती, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची धारदार सुऱ्यांसारखी पाती, छपराच्या शाकारात खोचून ठेवलेली. पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून असावं. ही काच आणि काही घरांतलं जेड, दोन्ही बाहेरून आलेलं. शिवाय गावाला मिळून एक घुमटाकार बाष्पस्नानाची खोली.

आता कल्पना करा, की ज्वालामुखी फुटलाच नसता. कुटुंबाने निघताना चांगली भांडी नेली असती, उरलेली पावसाने झिजली असती, कूड कुजला असता. हजार वर्षांनी आमच्या हाती लागलं असतं एक बुटकं जोतं, मूठभर खापऱ्या आणि काचेचे दोन तुकडे. कोपानच्या यादीत हे घर पहिल्या प्रतीत गेलं असतं आणि पुढे कंसात ‘गरीब’ असं लिहिलं गेलं असतं. सेरेननंतर असं लिहिण्यापूर्वी जाणता माणूस जरा थबकतो.

दिलं की विकत घेतलं

सेरेनच्या घरांत बाहेरची काच कशी आली? हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. जुन्या समजुतीप्रमाणे दूरचा माल राजाच्या हाती येई आणि तो मर्जीतल्यांना वाटे. तसं असेल तर घरात ज्वालाकाच सापडणं म्हणजे वर कुणाशी तरी लागेबांधे असणं. पण बाजारातून आणली असेल तर तिचा दर्जाशी संबंध फार पातळ होतो.

केनेथ हर्थ यांनी १९९८ साली याची एक साधी कसोटी सुचवली. घरोघरची मोजणी करायची. माल राजाकडून वाटला जात असेल तर तो वरच्या घरांत भरपूर आणि खाली जवळजवळ नसलेला दिसेल. बाजार असेल तर सगळ्यांच्या घरी तोच माल थोडाफार सापडेल. श्रीमंताकडे जास्त, गरिबाकडे कमी, पण प्रकार तेच. अनेक माया शहरांत ज्वालाकाच दुसऱ्या नमुन्यात बसते.

बाजाराचे थेट पुरावेही निघाले. युकातानमधल्या चुंचुक्मिलच्या एका मोकळ्या चौकातली माती तपासली तेव्हा तिच्यात फॉस्फरसचं प्रमाण पट्ट्यापट्ट्यांनी जास्त आढळलं. अन्नाचा सांडलवंडलेला अंश मातीत मुरतो आणि त्यातला फॉस्फरस शतकानुशतकं तिथेच धरून राहतो; पट्टे म्हणजे अन्न विकणाऱ्यांच्या रांगा. त्याहून देखणा पुरावा कलाकमुल या शहराचा. तिथल्या एका पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीवर रंगवलेली भित्तिचित्रं २००४ साली सापडली. कुणी मक्याची पेज वाढतंय, कुणी पानात गुंडाळून उकडलेले तामाले देतंय. शेजारी अक्षरं: पेजवाला, तामालेवाला, मीठवाला, तंबाखूवाला. राजांच्या जयजयकाराने भरलेल्या माया चित्रकलेत ही माणसं अचानक भेटतात तेव्हा बरं वाटतं.

जेडचं मात्र वेगळं. माया जगात ते मुख्यतः ग्वातेमालातल्या मोताग्वा खोऱ्यातून येई, घासून आकार द्यायला आठवडे लागत, आणि त्याचा हिरवा रंग मक्याचा, पाण्याचा, जीवनाचा मानला जाई. पालेंकेचा राजा पाकाल ६८३ साली वारला; १९५२ साली आल्बेर्तो रुस यांनी त्याचं थडगं उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता. एखाद-दुसरा मणी साध्या घरातल्या मृताच्या तोंडातही मिळतो. पण जेडचा मुखवटा बाजारात मिळत नव्हता.

पेल्यावरचं नाव

चॉकलेटचे पेले हा तर फारच मजेचा पुरावा. कोको फेसाळून पिण्याच्या उंच, रंगीत पेल्यांच्या काठावर एक ठरावीक मजकूर फिरतो: हा अमुकाचा कोको पिण्याचा पेला. डेव्हिड स्टुअर्ट यांनी रिओ आसुल इथल्या एका भांड्यावर ‘ककाव’ हा शब्द वाचला, आणि १९९० साली त्याच भांड्याच्या आतल्या अंशात रसायनतज्ज्ञांना कोकोची खूण पटवणारी द्रव्यं सापडली. कोकोच्या बिया नाण्यासारख्या चालत; बोनांपाकच्या इ. स. ७९०च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत दरबारातल्या एका गाठोड्यावर बियांची संख्या लिहिली आहे, ती चाळीस हजार होते.

तर मग पेला ज्याचा, तो माणूस थडग्यात? बेलीझमधल्या बुएनाविस्ता देल कायो या मध्यम ठाण्यात एका तरुणाच्या थडग्यात असाच अप्रतिम पेला मिळाला. त्यावर नाव मात्र शेजारच्या बलाढ्य नारांहो राज्याच्या राजाचं, काक तिलिव चान चाक याचं. हा राजा ६९३ साली पाच वर्षांचा असताना गादीवर आला होता. पेला त्याच्याच दरबारातल्या कारागिरांनी रंगवला आणि भेट म्हणून बुएनाविस्ताला गेला. आहेराच्या तांब्याचा घोळ इथेही आहेच. पण या घोळातून उलट अधिकच कळतं: नारांहोचा राजा कुणाला जवळ करत होता, आणि बुएनाविस्ताच्या घराण्याला आपलं महत्त्व दाखवायला शेजाऱ्याचं नाव कसं पुरत होतं.

हे पेले रंगवणारे कोण? आपल्या सवयीने आपण म्हणू, कारागीर म्हणजे खालचा थर. अग्वातेकाने ती सवय मोडली. इ. स. ८१०च्या आसपास या शहरावर शत्रू चालून आला, वाडे जाळले गेले आणि लोकांना सामान घ्यायलाही उसंत मिळाली नाही. ताकेशी इनोमाता यांच्या चमूला वस्तू होत्या तिथेच सापडल्या. सरदारांच्या घरांत रंग कुटायचे खल, शिंपले कोरायची हत्यारं, शिलास्तंभ घडवायच्या दगडी कुऱ्हाडी. म्हणजे लेखक, चित्रकार, कोरक्ये ही मंडळी स्वतः उच्चकुलीन होती, आणि घरातच काम करत होती. राजवाडा मात्र जवळजवळ रिकामा निघाला. राजघराणं हल्ल्याआधीच निघून गेलं असावं, असं इनोमातांना वाटतं. सरदार मागे राहिले.

हाडांत साठलेलं जेवण

घर दुसऱ्याने बांधलेलं असू शकतं, पेला भेट आलेला असू शकतो. जेवण मात्र ज्याचं त्याने जेवलेलं असतं.

हाडांवरून ते कसं कळतं? कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार निसर्गात सापडतात, एक हलका आणि एक किंचित जड. मका, ऊस, ज्वारी अशा वनस्पती जड कार्बन तुलनेने जास्त सामावून घेतात. शेंगा, भाज्या, झाडांची फळं कमी. माया आहारात या पहिल्या गटातलं मुख्य पीक मकाच. त्यामुळे हाडात जड कार्बन जितका जास्त, तितका मका जास्त. दुसरी खूण नायट्रोजनची: जड नायट्रोजन वनस्पतीपेक्षा ती खाणाऱ्या प्राण्यात जास्त, आणि त्या प्राण्याला खाणाऱ्यात आणखी जास्त. ते वाढलेलं दिसलं, की पानात मांस-मासळी होती. हाड आयुष्याच्या शेवटच्या कित्येक वर्षांचा आहार सांगतं, दात लहानपणीचा. शिवाय बाळपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं असेल तर दाताच्या वरच्या थरावर आडव्या रेषा राहून जातात.

बेलीझमधल्या काराकोल या प्रचंड शहरात आर्लेन आणि डायान चेस यांनी ही मापं शहराच्या नकाशावर मांडली. राजवाड्यातली माणसं मका आणि मांस दोन्ही भरपूर खात होती, ते अपेक्षितच होतं. पण सगळ्यात हलकं जेवण कुणाचं? शहराच्या कडेच्या शेतकऱ्यांचं नव्हे. ते राजवाड्याच्या आसपासच, केंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांचं निघालं. कडेच्या शेतकऱ्यांकडे डोंगरउतारावर बांधलेली स्वतःची खाचरं होती; केंद्राभोवतालच्या सेवेकऱ्यांकडे फक्त मालक होता. लांदाचा नकाशा इथे साफ उलटा पडतो.

काराकोल आणखीही गोंधळात टाकतं. तिथे दूरच्या साध्या वस्त्यांतही अंगणाच्या पूर्वेला देवघरासारखी इमारत, दगडी थडगी आणि अर्पणाची खास भांडी सापडतात, जी इतर शहरांत वरच्यांचीच असत. चेस दांपत्याच्या मते सहाव्या-सातव्या शतकातल्या युद्धविजयांनंतर संपत्ती खालपर्यंत झिरपली आणि एक चांगला मोठा मधला थर तयार झाला. जॉइस मार्कस यांच्यासारख्या अभ्यासकांना हे पटत नाही. जन्माने सरदार आणि जन्माने सामान्य, असे दोनच वर्ग; बाकी पायऱ्या त्यांच्या आतल्या, असं त्यांचं म्हणणं. मला हा वाद अर्धा मापांचा वाटतो. जन्माचा हक्क लेखांतून दिसतो, खाणंपिणं हाडांतून. एकाने दुसऱ्याला खोटं पाडता येत नाही.

निशाणधाऱ्याचे दात

ही मापं एका माणसात कशी भांडतात, ते एल पाल्मारमध्ये दिसलं. मेक्सिकोच्या काम्पेचे राज्यातलं हे ठाणं. तिथल्या एका लहानशा वस्तीत केनिचिरो त्सुकामोतो यांच्या चमूला कोरीव लेख असलेला जिना सापडला. लेखाचा नायक राजा नव्हे, आहपाच वाल नावाचा निशाणधारी. वडिलांकडून पद मिळालेला हा लाकाम ७२६ साली शेकडो किलोमीटर चालत कोपानला गेला होता, कलाकमुल आणि कोपान यांच्यातल्या मैत्रीच्या वाटाघाटींसाठी.

जिन्याजवळच्या इमारतीत जमिनीखाली एका प्रौढ पुरुषाचा सापळा मिळाला. तो आहपाच वालचा किंवा त्याच्या वडिलांचा असावा. वरच्या पुढच्या दातांत छिद्रं पाडून जेड आणि चमकत्या पायराइटचे तुकडे बसवलेले. दातांत जडाव एकट्या राजेरजवाड्यांतच होता असं नाही, पण इथे जिन्यासकट सगळं जुळतं: मोठा माणूस.

मग हाडं वाचली गेली. लहानपणी आजारपण आणि कुपोषण झाल्याच्या खुणा. नडगीचं हाड मोडून सांधलेलं. हातापायांच्या सांध्यांत संधिवात. निशाण घेऊन डोंगर-दऱ्या तुडवणाऱ्याला तो व्हायचाच. एका दातातला जडाव मरण्यापूर्वीच निखळला होता, आणि त्या छिद्रावर किटण चढून दगडासारखं घट्ट झालं होतं. नवा तुकडा बसवला गेला नव्हता. थडग्यात दोनच भांडी होती, दागिना एकही नाही.

काय झालं असावं? ७३६ साली तिकालने कलाकमुलचा पराभव केला. ७३८ साली कोपानच्या राजाचा त्याच्याच जुन्या मांडलिकाने, किरिग्वाच्या राजाने, शिरच्छेद केला. ज्या दोस्तीचा हा दूत होता तिचे दोन्ही खांब दोन वर्षांत पडले. पद राहिलं असेल, पण पदाबरोबर येणारं बाकीचं आटलं. घर, लेख आणि दात त्याला वर नेतात. किटण, थडगं आणि सांधे खाली आणतात. दोन्ही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षांचे.

मोजणीत न येणारी माणसं

अलीकडे विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजतात. पानांच्या फटींतून खाली पोहोचलेले थोडे झोत जमिनीवरून परततात, तेवढ्यांतून जंगलाखालचा नकाशा तयार होतो. काराकोलवर हे २००९ साली झालं. २०१६ साली उत्तर ग्वातेमालाचा दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश असा मोजला गेला आणि साठ हजारांवर बांधकामं दिसली. एकेक अंगण खणत बसणाऱ्यांना हा आकडा घामच फोडतो.

एवढी घरं एकदम मोजता आली, तशी विषमतेचीही मोजणी सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ उत्पन्नासाठी वापरतात तोच जिनी निर्देशांक: सगळ्यांची घरं सारखी असतील तर शून्य, सगळं एकाच घराकडे असेल तर एक. पण घर मोजायचं कसं? जमिनीवरचं क्षेत्रफळ धरलं तर विषमता कमी दिसते, आकारमान धरलं तर एकदम वाढते, कारण श्रीमंत माणूस रुंदीपेक्षा उंचीत जास्त खर्च करतो. एकाच शहराचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही बरोबर असतात.

शिवाय ज्यांना जोतंच नव्हतं त्यांचं काय? सपाट जमिनीवर खांब रोवून बांधलेलं घर लेसरला दिसत नाही. ‘रिकाम्या’ जागांत चाचणी खड्डे घेतले तर अधूनमधून खांबांच्या खळग्या, चोपलेली जमीन आणि उकिरड्याचा थर सापडतो. अशी घरं मोजणीत आली की तळ आणखी खाली जातो आणि काराकोलचा मधला थर जरा वर सरकतो.

गुलाम तर याहून अवघड. लांदाच्या काळात ते होते. आठव्या शतकातल्या शिळांवर राजाच्या पायाखाली, दोरीने बांधलेले, नावानिशी कोरलेले कैदी आहेत, पण ते पकडलेले सरदार. त्यांच्यामागून आलेल्या सामान्य कैद्यांना नाव नाही. त्यांना वेगळं घर मिळालं असण्याची शक्यता कमी. मालकाच्याच अंगणात ते राहत असतील, तर कोपानच्या लेखकाच्या वाड्यातल्या त्या साध्या घरांबद्दलचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तिथली माणसं भाऊबंद होती की विकत आणलेली, हे आता दगडांना न विचारता त्यांच्या दातांना विचारावं लागेल. दातांतला स्ट्रॉन्शियम हा धातू माणूस कुठल्या खडकाच्या मुलखात लहानाचा मोठा झाला ते सांगतो. कोपानच्या राजवंशाचा संस्थापक बाहेरून आला होता, हे त्याच्या दातांवरून अशाच तपासणीने कळलं. राजाला विचारलेला प्रश्न नोकराला विचारायला फारसा जास्त खर्च येत नाही.